पदवी नसलेल्यांचा परदेश

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जुनी कागदपत्रे चाळण्याचे काम कार्यकारिणीने ज्या तिघांवर सोपविले, त्यांत प्रस्तुत लेखकही होता. सभासदांच्या पहिल्या नोंदवहीत नाव, मूळ गाव, शिक्षण आणि व्यवसाय असे चार रकाने आखलेले आहेत. शिक्षणाच्या रकान्यात बी. ए., बी. कॉम., बी. ई., एल. एम. ई. अशा नोंदी ओळीने भरलेल्या दिसतात. विशाखापट्टणमसारख्या बंदराच्या, नौदलाच्या आणि जहाजबांधणीच्या शहरी नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत हे स्वाभाविकच होय. एका पानावर मात्र एका सभासदाने मूळ गावाखाली 'जयगडजवळ' असे लिहून शिक्षणाच्या रकान्यात आडवी रेघ ओढली आहे आणि व्यवसायाखाली 'पूर्वी जहाजावर' एवढेच शब्द लिहिले आहेत. हे गृहस्थ कोण, कुठे गेले, हे आज कोणी सांगू शकत नाही. परंतु त्या रेघेने मला पुढचे पान उलटू दिले नाही. कारण तशी एक रेघ आमच्याही घरात होती.

माझे आजोबा सुमारे तीस वर्षे आगबोटीवर होते. लिव्हरपूल, ग्लासगो, मोंबासा, सिडनी ही नावे ते खाडीपलीकडील गावांची नावे घ्यावीत इतक्या सहजपणे घेत. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. माझे वडील पोस्टात कारकून झाले, आणि माझ्या शाळेच्या अर्जात आजोबांचा व्यवसाय विचारला तेव्हा त्यांनी 'शेती' असे लिहिले. आमची शेती म्हणजे भाताचे चार कुणगे. पुढे माझ्या लग्नाच्या बोलणीतही आजोबा शेतकरी होते असेच सांगण्यात आले. मी तेव्हा बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत लागलो होतो आणि वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून गप्प राहिलो. विनापदवी परदेशी जाऊन आलेल्या माणसांविषयी लिहावे असे ठरविले, त्याचे खरे कारण हे आहे. इतिहासाची आवड हे नंतरचे.

इंग्रजांच्या जहाजांवर काम करणाऱ्या आशियाई खलाशाला 'लास्कर' म्हणत. हा शब्द फारसी 'लष्कर' या शब्दावरून पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून हे लोक लंडनपर्यंत जात असत. मात्र जहाजावरील तीनचतुर्थांश माणसे ब्रिटिशच असली पाहिजेत अशा आशयाचे नौकानयनाचे निर्बंध त्या देशात असल्यामुळे परतीच्या सफरीत त्यांना घेतले जाईलच याचा भरवसा नसे, आणि पुष्कळसे लंडनच्या गोदीत महिनोन्‌महिने उपाशी पडून राहत. १८५७ साली त्यांच्यासाठी लंडनच्या लाइमहाउस भागात एक आश्रयगृह उघडण्यात आले. निर्बंध १८४९ नंतर ढिले पडले, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, शिडांची जागा वाफेने घेतली आणि मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींना माणसांची गरज एकाएकी वाढली. स्वस्त माणसांची, हे सांगावयास नकोच.

ही माणसे कुठून येत याचाही एक भूगोल ठरून गेला होता. मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या बोटींवर डेकवरील खलाशी रत्नागिरी जिल्ह्यातून आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून येत. एंजिनखोलीत कोळसा मारणारे पंजाबी व पठाण असत. आणि स्वयंपाकघर, जेवणघर, उतारूंची सेवा ही गोमंतकीय ख्रिस्ती लोकांकडे असे. रत्नागिरीचे कारण शोधावयास फार दूर जाण्याची गरज नाही. जांभ्या दगडाची जमीन, तीही भाऊबंदकीत वाटली गेलेली. मुंबईच्या मनीऑर्डरीवर चूल पेटणारी घरे. आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे गलबतावरचे जिणे. आगबोटींनी किनाऱ्यावरची गलबते मागे सारली, तेव्हा त्या गलबतांवरचा माणूस आगबोटीवर चढला, इतकेच. त्यात हिंदू होते, तसे कोकणी मुसलमानही होते. आमच्या आजोबांचा सारंग शेजारच्या गावचा कोकणी मुसलमान होता, आणि आमच्या घरात त्याचा उल्लेख शेवटपर्यंत 'सारंगचाचा' असाच होत असे.

सारंग म्हणजे डेकवरील खलाशांचा नाईक. त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणूवर सुकाणी, कोठीवर कसब, खलाशांचे जेवण रांधणारा भंडारी, झाडलोटीला टोपास. खाली एंजिनखोलीत आगवाला, तेलवाला, कोयलावाला. जहाजावर बोलली जाणारी हिंदुस्थानी, फारसी, पोर्तुगीज आणि इंग्रजी शब्दांची ही मिसळ इतकी पक्की झाली होती, की गोऱ्या अधिकाऱ्यांना ती शिकता यावी म्हणून टॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यास तिचा कोश छापला. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या माणसांच्या भाषेचा कोश साहेबाला पाठ करावा लागत होता, हा विचार मला अजून सुखावतो.

जहाजावर जागा मिळविण्यास ना परीक्षा होती, ना प्रमाणपत्र. सारंगाने होय म्हटले पाहिजे. तो आपल्या गावची, आपल्या ओळखीची माणसे गोळा करून सबंध टोळीच बोटीवर नेई. टोळीच्या वागणुकीबद्दल तोच जबाबदार असे. वरवर पाहता ही व्यवस्था मोठी घरगुती वाटते. परंतु सारंग आणि कंपनी यांच्यामध्ये मुंबईच्या बंदरात आणखी एक इसम उभा असे, तो घाटसारंग. त्याच्या खालोखाल खानावळवाला आणि सावकार. बोट मिळेपर्यंत तीनतीन, चारचार महिने मुंबईत खाऊन राहावयाचे, त्याची उधारी. बोट मिळाल्यावर पहिल्या पगारातून दस्तुरी. आजोबांनी पहिल्या सफरीपूर्वी आजीच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या आणि त्या सोडवून आणण्यास त्यांना तीन सफरी कराव्या लागल्या. ही लाचलुचपत सरकारला ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. १९२० च्या जिनिव्हा नव्हे, इटलीतील जिनोआ येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत खलाशांच्या भरतीसाठी पैसे घेण्यास मनाई करणारा ठराव झाला. १९२२ मध्ये येथे चौकशी समिती बसली. १९२९ ते ३१ च्या शाही कामगार आयोगानेही हा विषय चघळला. प्रत्यक्षात घाटसारंगाची पकड ढिली व्हावयास स्वातंत्र्य उजाडावे लागले. माझ्यासारख्या सरकारी माणसाला, समित्यांचे अहवाल कपाटात किती काळ राहू शकतात याचे नवल वाटत नाही, पण आजीच्या पाटल्यांचे वाईट वाटते.

एकदा सफर पुरी झाली की खलाशाच्या हाती एक कागद पडे. कोणत्या बोटीवर, कोणत्या हुद्द्यावर, केव्हापासून केव्हापर्यंत काम केले, काम कसे आणि वर्तन कसे, हे कप्तान त्यावर नोंदवी. पूर्वी हे कागद गुंडाळून पत्र्याच्या नळीत जपून ठेवीत, म्हणून त्या दाखल्यालाच 'नळी' हे नाव पडले. पुढे त्याची पुस्तिका झाली, फोटो आणि अंगठ्याचा ठसा आला, तरी नाव बदलले नाही. काम आणि वर्तन यांपुढे 'व्हेरी गुड'चा शिक्का असला तर पुढची बोट मिळण्याची आशा. कप्तानाने अभिप्राय देण्याचे नाकारले तर त्या माणसाचा समुद्र संपला म्हणून समजावे. आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण तो शिक्का ते बोटाने दाखवीत. नळी हरवणे म्हणजे घर जळण्यासारखे मानीत. त्यांची पुस्तिका आणि माझे बी. ए. चे प्रमाणपत्र ही दोन्ही आज माझ्या एकाच पेटीत आहेत. पुस्तिकेची पाने खाऱ्या हवेने तांबूस झाली आहेत. प्रमाणपत्र अगदी कोरे आहे.

या नळीच्या बळावर माणूस जगभर फिरे, हे खरे. पण तो परदेशी राहत होता असे म्हणता येईल काय? येथे या इतिहासातील सर्वांत कठीण जागा येते. हिंदी खलाशांचा करारनामाच वेगळा असे. त्याला हिंदुस्थानातच परत आणून सोडण्याचे बंधन कंपनीवर असे, आणि वरकरणी खलाशाच्या हिताचे दिसणारे हे कलम त्याला विलायतेत उतरून राहू न देण्यासाठीही उपयोगी पडे. पगार गोऱ्या खलाशाच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा. १९०६ च्या कायद्याने ब्रिटिश खलाशाला झोपण्यासाठी १२० घनफूट जागा मिळाली. हिंदी करारावरील माणसाला ३६ घनफूट. त्याच बोटीत, त्याच वादळात. आजोबा या फरकाबद्दल कधी बोलले नाहीत. ते एवढेच सांगत, की पाय लांब करावयाचे असतील तर डेकवर जावे लागे.

तरीही काही लोक बोट सोडून राहिलेच. सिलहटकडच्या खलाशांनी लंडनच्या पूर्वभागात काढलेल्या खानावळींची कथा सर्वश्रुत आहे. आपल्या कोकणच्या बाजूने पाहावयाचे तर केपटाउन येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा भागांतून गेलेल्या कोकणी मुसलमानांची वस्ती झाली आणि त्यांनी तेथे छोटी दुकाने थाटली. (मॉरिशसला ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी लोकांची हकीकत निराळी आहे आणि तिला स्वतंत्र लेखच हवा.) ब्रिटनमध्ये मात्र १९२५ साली एक हुकूम निघाला, ज्यायोगे ब्रिटिश प्रजाजन असल्याचा पुरावा नसलेल्या सावळ्या वर्णाच्या प्रत्येक खलाशाला परकीय म्हणून पोलिसांत नोंद करणे भाग पडले. खलाशाला पासपोर्ट कुठला? ज्याने त्यांच्या साम्राज्याचा माल वाहिला, त्याने त्या साम्राज्याचे प्रजाजन असल्याचे सिद्ध करावयाचे होते. बायकांच्या वाट्यालाही हे आलेले आहे. साहेबांच्या मुलांना सांभाळीत विलायतेस गेलेल्या आणि तेथे वाऱ्यावर सोडलेल्या आयांसाठी लंडनला एक वसतिगृह होते. १९०० पासून ते हॅक्नी भागातील ज्या घरात होते, त्यावर २०२२ मध्ये स्मृतिफलक लावण्यात आला. त्यांना तर नळीही नव्हती.

गोमंतकीयांनी या अनिश्चिततेवर जो तोड काढला तो मला फार मोलाचा वाटतो. मुंबईस धोबीतलाव आणि माझगाव भागांत त्यांनी गावागावांचे 'कूड' म्हणजे क्लब स्थापिले. गावच्या प्रत्येक माणसाला तेथे पेटी ठेवण्यापुरती आणि पथारी पसरण्यापुरती जागा, वर्गणी नाममात्र, संध्याकाळी एकत्र प्रार्थना. बोटीची वाट पाहणारा तारवटी सावकाराच्या खानावळीत न जाता आपल्याच लोकांत राही. आपल्यापैकी ज्यांनी परमुलखात मंडळाच्या खोलीत पहिली रात्र काढली असेल, त्यांना त्या कुडाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाले, आणि आजवर मुकाट दिसणाऱ्या या लोकांनी ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया येथील बंदरांत काम करण्यास नकार दिला. पाणबुड्यांच्या तोंडी जावयाचे तर पगार वाढवा, अशी साधी मागणी होती. शेकडो खलाशी तुरुंगात गेले; अखेर कंपन्यांना पगारवाढ मान्य करणे भाग पडले. मुंबईत खलाशांच्या संघटनेचे काम त्या काळी भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई करीत. त्यांचे 'मेरिटाइम लेबर इन इंडिया' हे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. खलाशांच्या स्थितीचा इतका कसोशीने घेतलेला दुसरा आढावा माझ्या पाहण्यात नाही. हेच दिनकर देसाई पुढे कन्नडमध्ये चुटके लिहिणारे कवी म्हणून घरोघरी पोहोचले, याची गंमत वाटते.

पगारवाढ झाली, पण बोटी बुडावयाच्या थांबल्या नाहीत. पहिल्या महायुद्धात सुमारे साडेतीन हजार हिंदी खलाशी मृत्यू पावले होते. दुसऱ्यात सहा हजारांहून अधिक. आजोबांचे धाकटे भाऊ त्यांपैकी एक. १९४२ च्या पावसाळ्यानंतर त्यांची मनीऑर्डर बंद झाली. कोणत्या बोटीवर ते होते, हे घरी कोणास ठाऊक नव्हते, कारण युद्धकाळात बोटीचे नाव कळविण्यास बंदी होती. पुढल्या वर्षी एक कागद आला. तो वाचून दाखविण्यासाठी शाळामास्तरांना बोलवावे लागले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. मुंबई आणि कलकत्ता येथे सरकारी नावनोंदणी कार्यालये निघाली आणि पाळीप्रमाणे बोट देण्याची पद्धत सुरू झाली; वाट पाहणे संपले नाही, पण त्याची रांग तरी झाली. आपल्या शहराचा या इतिहासाशी संबंध येतो तो येथेच. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीच्या गोदीची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते याच किनाऱ्यावर बसली आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी 'जलउषा' येथूनच पाण्यात सोडली. (वालचंदांचेही महाविद्यालयीन शिक्षण अर्धवटच राहिले होते, हे जाता जाता नमूद करतो.) सामान्य खलाशांच्या शिक्षणासाठी सरकारने ज्या तीन नौका ठेवल्या, त्यांपैकी 'भद्रा' कलकत्त्यास, 'नौलक्षी' सौराष्ट्रात नवलखीस आणि 'मेखला' येथे विशाखापट्टणमला होती. सारंगाच्या होकाराची जागा प्रशिक्षणाने घेतली. तिन्ही नौका आता इतिहासजमा झाल्या आहेत. नोंदवहीतील ते 'जयगडजवळ'चे गृहस्थ 'मेखले'च्या निमित्ताने येथे आले असतील काय, असे मनात येते.

१९७३ नंतर तेलाच्या किमती चढल्या आणि कोकणातील तरुणांचा ओढा बोटीकडून आखाताकडे वळला. गवंडी, सुतार, वाहनचालक, आचारी. पदवी यांच्यापाशीही नव्हती. त्यांची फसवणूक थांबविण्यासाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आला आणि अल्पशिक्षितांच्या पासपोर्टावर 'तपासणी आवश्यक' हा शिक्का बसू लागला. हेतू संरक्षणाचा होता, हे मी अमान्य करीत नाही. परंतु तो शिक्का घेऊन खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे खिडकीआतील माणूस कोणत्या नजरेने पाहतो, हे सरकारी नोकरीत राहून मी अनेकदा पाहिले आहे. या तपासणीतून कोणाला सूट, याची एक यादी असते. प्रारंभी तीत पदवीधर होते. पुढे शिक्षणाची अट उतरत उतरत दहावीवर आली. त्याच यादीत, शिक्षणाचा काहीएक उल्लेख न करता, आणखी एक वर्ग आहे: खलाशाचा अखंड सेवादाखला बाळगणारे. म्हणजेच नळीवाले.

ही नोंद मी प्रथम वाचली तेव्हा वडील हयात होते. त्यांना वाचून दाखविली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे बाबांना शिक्का लागला नसता."

गेल्या वर्षी मुंबईस गेलो असता मस्जिद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात, इंडियन सेलर्स होममध्ये, गेलो. पहिल्या महायुद्धात समुद्राखेरीज ज्यांना कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक तेथे आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातील मृतांची नामावली दोन प्रतींत आहे. एक येथे, एक चित्तगाँग येथे. धाकट्या आजोबांचे नाव शोधले. त्या नावाची माणसे एकाहून अधिक निघाली. आपले कोणते, हे बोटीचे नाव ठाऊक नसल्यामुळे ठरविता आले नाही. मी सर्व नावे वहीत उतरवून घेतली.

सभासदांस एक विनंती आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशी नळी, जुना करारनामा किंवा बोटीवरून आलेले पत्र असेल, त्यांनी त्याची प्रत मंडळाच्या ग्रंथालयात द्यावी. मूळ कागद स्वतःपाशीच ठेवावा. कागद नसल्यास आठवणीतील बोटीचे, सारंगाचे आणि गावाचे नाव कळविले तरी चालेल. नोंदवहीत त्यासाठी एक नवा रकाना आखून ठेवला आहे.